बुधवार-रविवारची गोळी : कॅबरगोलिन आणि ते विकणारी दुकाने

रक्तातील वाढलेले प्रोलॅक्टिन खाली आणणारे कॅबरगोलिन हे औषध गेली काही वर्षे मी रत्नागिरीतून नियमित घेत आहे. औषध जितके गुणकारी आहे तितक्याच ढिलाईने ते काही दुकानांतून विकले जाते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. गोळी अगदी लहान, आठवड्यातून एकदा किंवा दोनदाच घ्यायची. घराघरांतल्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांपुढे ती किरकोळ वाटते. प्रत्यक्षात ती मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीवर काम करते, तिचा अंमल अनेक दिवस टिकतो, आणि तिच्याबरोबर दुसरे काय पोटात जाते यावर तिचा गुण बराचसा अवलंबून असतो. म्हणून हे परीक्षण औषधाचे आहे, तसेच ते ज्या काउंटरवरून आपल्या हातात पडते त्याचेही आहे. मी डॉक्टर नाही. मात्रा ठरवणे, वाढवणे आणि थांबवणे हे डॉक्टरांचे काम आहे, हे धरूनच पुढचे वाचावे.

प्रोलॅक्टिन हे बाळंतिणीला दूध येण्यासाठी लागणारे हार्मोन. एरवी मेंदूतून येणारे डोपामिन त्याला लगाम घालून असते. पिट्युटरीवर प्रोलॅक्टिन तयार करणारी गाठ झाली की हा लगाम अपुरा पडतो, आणि मग बायकांची पाळी लांबते किंवा थांबते, बाळंतपण नसताना छातीतून दूध येते, दिवस राहत नाहीत. पुरुषांनाही हा आजार होतो. त्यांच्यात कामेच्छा कमी होते, मूल होण्यात अडचण येते, पण संकोचापायी ते डॉक्टरांकडे फार उशिरा जातात, बहुधा डोके दुखू लागल्यावर किंवा बाजूचे दिसेनासे झाल्यावर. दहा मिलिमीटरपेक्षा लहान गाठ आणि त्याहून मोठी गाठ असे तिचे दोन प्रकार मानतात. बायकांत बहुधा लहान गाठ सापडते. ही गाठ जवळजवळ नेहमीच साधी असते, कर्करोगाची नसते. ‘डोक्यात गाठ’ हे शब्द ऐकून घरात रडारड सुरू होण्याआधी एवढे कोणीतरी सांगायला हवे.

कॅबरगोलिन डोपामिनसारखे वागते आणि तो सुटलेला लगाम पुन्हा घालते. त्याआधीचे ब्रोमोक्रिप्टिन हेच काम करते, पण ते रोज घ्यावे लागते आणि मळमळीने अनेकांना नको होते. कॅबरगोलिनला अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. शरीरातले त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे ६५ तास लागतात, म्हणूनच आठवड्यातून दोन गोळ्या पुरतात. बहुतेक रुग्णांत ते प्रोलॅक्टिन आटोक्यात आणते आणि गाठही आक्रसवते. मोठी गाठ असूनही अनेकांची शस्त्रक्रिया टळते ती याच गोळीमुळे. माझा अनुभव त्याला धरूनच आहे. पाळी नियमित झाली, रिपोर्ट मर्यादेत आला, आणि सुरुवातीचे काही आठवडे सोडले तर गोळीचा त्रासही जाणवला नाही. औषध म्हणून त्याला मी पूर्ण गुण देईन.

गुण कापावे लागतात ते पाकिटाला. आपल्याकडे मेडिकलवाले सुट्या गोळ्या ज्या लहान कागदी पाकिटात देतात, त्यावर सकाळ, दुपार, रात्र असे तीन रकाने असतात आणि देणाऱ्याचा हात सवयीने त्यांतच चालतो. एका दुकानात डॉक्टरांनी स्वच्छ अक्षरात ‘आठवड्यातून दोनदा’ लिहिलेले असताना माझ्या पाकिटावर ‘१-०-१’ असे लिहून मिळाले. मला मात्रा ठाऊक होती म्हणून मी ते तिथेच खोडायला लावले. पण हेच पाकीट चष्मा नसलेल्या आजींच्या हाती पडले असते तर आठवड्याचे औषध एका दिवसात पोटात गेले असते, आणि मग चक्कर, रक्तदाब उतरून घेरी, प्रसंगी भास होणे इथपर्यंत मजल जाते. त्याच दुकानात स्ट्रिप कात्रीने कापून दिल्यामुळे मुदत संपण्याची तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहिली, ती गोष्ट वेगळीच. असल्या औषधासाठी पाकिटावर रकान्यांऐवजी वार लिहिले जावेत, एवढी साधी अपेक्षा आहे.

सध्या मी ज्या दुकानातून औषध घेते तिथल्या तरुण फार्मासिस्ट हे न सांगता करतात. त्या चिठ्ठी वाचतात, स्ट्रिप उलटी करून ०.२५ की ०.५ मिलिग्रॅम ते पाहतात, मलाही दाखवतात, आणि मार्करने प्रत्येक गोळीच्या मागे बारीक अक्षरात ‘बुध’, ‘रवि’ असे लिहून देतात. हे ०.२५ आणि ०.५ प्रकरण दिसते तेवढे क्षुल्लक नाही. सर्वसाधारणपणे ०.२५ मिलिग्रॅम आठवड्यातून दोनदा अशी सुरुवात करतात, किमान चार-चार आठवड्यांच्या अंतराने रक्त तपासून हळूहळू वाढवतात, आणि प्रोलॅक्टिनसाठी नेहमीची वरची मर्यादा एक मिलिग्रॅम आठवड्यातून दोनदा अशी मानतात. दुकानात एक कंपनी संपली म्हणून दुसरीची दिली आणि त्यात मिलिग्रॅम बदलले, तर मात्रा नकळत दुप्पट किंवा निम्मी होते. जेनेरिक घ्यायला काहीच हरकत नाही. नाव बदलले तरी चालेल, आकडा बदलता कामा नये.

वारांबद्दल थोडे विषयांतर. गोळी जेवणाबरोबर घेतली तर मळमळ कमी होते. सुरुवातीला मला सोयीचे म्हणून सोमवार आणि गुरुवार सुचवले गेले होते, पण आमच्याकडे सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, दोन्ही दिवशी घरात उपास, आणि साबुदाण्याच्या चार घासांवर ही गोळी घेणे मला परवडणारे नव्हते. डॉक्टरांना विचारून बुधवार आणि रविवार ठरवले. हे दोन्ही मासळीचे वार असल्याने पोट रिकामे राहत नाही आणि विसरही पडत नाही. एखादी गोळी राहिलीच तर पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नयेत. काय करायचे ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी हे लिहायला घेतले. किनारपट्टीवर पित्ताच्या गोळ्यांचा खप मोठा आहे, आणि त्या बहुधा चिठ्ठीवाचून, नुसत्या सांगण्यावर मिळतात. पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोल एकटे असेल तर या आजाराशी त्याचा फारसा संबंध नाही. पण ज्या कॅप्सूल सर्रास दिल्या जातात त्यांत जोडीला डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असते, आणि ही दोन्ही औषधे डोपामिनचे काम अडवतात. पिट्युटरी ग्रंथी मेंदूला वेढणाऱ्या संरक्षक पडद्याच्या बाहेर असल्यामुळे, मेंदूत फारसे न शिरणारे डॉमपेरिडोनही तिथे सहज पोचते आणि प्रोलॅक्टिन वाढवते. उलटीवर दिले जाणारे मेटोक्लोप्रामाइड त्याच माळेतले. म्हणजे कॅबरगोलिन ज्या दाराला आतून कडी लावते, तेच दार ही पित्ताची कॅप्सूल बाहेरून ढकलत असते.

यातला सर्वांत वाईट प्रकार असा : कॅबरगोलिन सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यांत मळमळते. रुग्ण कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन ‘मळमळतंय, काहीतरी द्या’ म्हणतो. दुकानदार डॉमपेरिडोन देतो. मळमळ थांबते, प्रोलॅक्टिन मात्र उतरत नाही, पुढच्या तपासणीत आकडा तसाच दिसतो, आणि डॉक्टरांना पित्ताच्या गोळीबद्दल कोणी सांगितलेलेच नसल्यामुळे कॅबरगोलिनची मात्रा वाढते. वाढलेल्या मात्रेने पुन्हा मळमळते.

माझ्या या सध्याच्या दुकानात एकदा माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाईंनी कॅबरगोलिनची चिठ्ठी दिली आणि लगोलग पित्ताच्या कॅप्सूलची एक स्ट्रिपही मागितली. फार्मासिस्टनी हातातली स्ट्रिप खाली ठेवली.

‘‘वहिनी, ही पित्ताची कॅप्सूल रोज घेता का?’’

‘‘रोज म्हणजे... सकाळची चहाच्या आधी. त्याच्याशिवाय चालतच नाही.’’

‘‘डॉक्टरांना ठाऊक आहे?’’

‘‘पित्ताचं काय सांगायचं त्यांना!’’

त्यांनी कॅप्सूलच्या मागची बारीक अक्षरे बाईंना वाचून दाखवली, लेव्होसल्पिराइडवर बोट ठेवले, आणि डॉक्टरांना फोन केल्याखेरीज दोन्ही एकत्र देणार नाही असे सांगितले. मागे रांग वाढली होती, एक गृहस्थ कुरकुरलेही. पण फोन झाला आणि जोडऔषध नसलेली साधी गोळी दिली गेली. ज्या दुकानात हा प्रश्न विचारला जातो ते दुकान चार पैसे महाग असले तरी परवडते.

खरे तर हा प्रश्न औषध सुरू होण्यापूर्वीच विचारला जायला हवा. प्रोलॅक्टिन वाढले म्हणजे गाठच असते असे नाही. गरोदरपण, अंगावर पाजणे, थायरॉइड मंदावणे, मूत्रपिंड निकामी होणे, आणि वर सांगितलेली औषधे ही सारी त्याची कारणे आहेत. मनोविकारांवरील रिस्पेरिडोन, अमिसल्पिराइड, हॅलोपेरिडॉल यांनीही ते वाढते, मात्र ती औषधे रुग्णाने परस्पर बंद करणे अत्यंत धोक्याचे आहे, आणि त्यांच्यासोबत कॅबरगोलिन घेतल्यास मानसिक आजार उसळू शकतो. तिथे दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून निर्णय घ्यावा लागतो. गरोदरपणाची चाचणी, थायरॉइडसाठी टीएसएच आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन या तपासण्या गावातही होतात. एमआरआय आणि हार्मोनतज्ज्ञ यांसाठी मात्र अनेकांना कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते, सिंधुदुर्गातले लोक गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. तो खर्च करण्याआधी घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून जवळच्या डॉक्टरांसमोर ओतणे स्वस्त पडते.

रक्ताच्या तपासणीबद्दलही दोन शब्द. झोपेतून उठल्याउठल्या, धावतपळत जिना चढून किंवा घाबरलेल्या अवस्थेत रक्त दिले तर प्रोलॅक्टिन थोडे जास्त दिसते. उठल्यावर तासा-दोन तासांनी जावे, थोडे शांत बसावे, मग सुई घ्यावी. एक प्रयोगशाळा नॅनोग्रॅममध्ये आकडा देते, दुसरी मिली-युनिटमध्ये. पहिलीतला १ म्हणजे दुसरीतले सुमारे २१. हे ठाऊक नसल्यास ३० चे एकदम ६३० झाल्याचे पाहून माणूस हबकतो. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर काही यंत्रांवर आकडा खोटाच कमी येतो, म्हणून त्याही सांगाव्यात.

त्रासांपैकी मळमळ, डोकेदुखी, बद्धकोष्ठता आणि थकवा हे नेहमीचे, आणि बहुधा काही आठवड्यांत ओसरणारे. उठताना रक्तदाब उतरून येणारी चक्कर अधिक जपण्यासारखी आहे. रात्री जेवणाबरोबर गोळी घेऊन झोपणे हा त्यावरचा साधा उपाय. क्वचित दिवसा अचानक झोप येते, असेही या औषधाबाबत नोंदले गेले आहे. दुचाकीवरून कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरणाऱ्याने मात्रा सुरू होताना किंवा वाढताना काही दिवस दुसऱ्याला गाडी चालवायला द्यावी.

एका परिणामाबद्दल मात्र कोणत्याही दुकानात मला कधी अवाक्षर ऐकू आले नाही. डोपामिनसारख्या औषधांनी काही जणांत आवर घालण्याची शक्ती ढळते. जुगार, उधळी खरेदी, अनावर कामेच्छा अशा रूपांत हे दिसते, आणि त्या माणसाला स्वतःला ते गोळीमुळे झालेले वाटत नाही. एरवी काटकसरी असलेला घरचा माणूस अचानक मटक्यात किंवा मोबाइलवरच्या रमीत पैसे घालवू लागला, तर त्याच्या चारित्र्याचा पंचनामा करण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. मात्रा घटवल्यावर किंवा औषध थांबवल्यावर हे बहुधा ओसरते. म्हणूनच घरातल्या एकाला तरी हे आधी सांगून ठेवलेले असावे. लाजेने झाकण्याचा हा विषय नाही.

हृदयाच्या झडपांची भीती अनेकांच्या कानावर आलेली असते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत कंपवाताच्या रुग्णांमध्ये कॅबरगोलिनमुळे झडपा जाड होऊन गळू लागल्याचे दिसले. परंतु त्या रुग्णांची मात्रा रोज काही मिलिग्रॅम अशी होती. प्रोलॅक्टिनसाठी आठवड्याला अर्धा-एक मिलिग्रॅम घेणाऱ्याची तुलना त्यांच्याशी सरळ करता येत नाही. तरीही काळजी सोडू नये. सुरू करण्याआधी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यावा. ब्रिटनमधील तज्ज्ञ संस्थांच्या २०१९ च्या सल्ल्यानुसार आठवड्याला दोन मिलिग्रॅमपर्यंत मात्रा असेल तर पुढचा इको पाच वर्षांनी, त्याहून जास्त असेल तर दरवर्षी करावा. झडपांचा आजार आधीपासून असलेल्याने, फुप्फुसाला किंवा हृदयाच्या आवरणाला तंतुमयता आलेल्याने आणि आटोक्यात नसलेला रक्तदाब असलेल्याने हे औषध घेऊ नये. धाप लागणे, पाय सुजणे, न थांबणारा कोरडा खोकला दिसला तर पुढची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टर गाठावा. क्लॅरिथ्रोमायसिन आणि इरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके कॅबरगोलिनचे रक्तातील प्रमाण वाढवतात, आणि अर्धशिशीवरचे अर्गोटामिन त्याच कुळातले असल्याने ती जोडी टाळतात. दात दुखला किंवा घसा बसला म्हणून कोणाकडेही गेलात तरी ‘मी कॅबरगोलिन घेते’ हे वाक्य आधी उच्चारावे.

साठवणुकीचा प्रश्न आमच्याकडे खास आहे. ही गोळी दमटपणाला नाजूक असते, म्हणून काही कंपन्या तिच्या बाटलीत ओल शोषणारी पुडी ठेवतात. जून ते सप्टेंबर ज्या घरात मीठ पाझरते आणि पापड मऊ पडतात तिथे ती पुडी ‘लहान पोराच्या हाती लागेल’ म्हणून फेकून देणे, किंवा गोळ्या आधीच काढून प्लास्टिकच्या आठवडी डबीत भरून ठेवणे, दोन्ही चुकीचे. गोळी घ्यायच्या वेळीच फोडावी. अर्धी घ्यायची असेल तर मधल्या रेघेवर दोन्ही अंगठ्यांनी दाबून मोडावी आणि उरलेली अर्धी त्याच वेष्टनात बंद करून पुढच्या वारी संपवावी. न्हाणीघराजवळचे कपाट आणि चुलीवरची फळी टाळावी. फ्रिज लागत नाही, पाकिटावरचे तापमान पाळले म्हणजे झाले. पावसाळ्यात घाट बंद पडून माल अडकतो, गणपतीत चाकरमान्यांच्या गर्दीने दुकानांतला साठा संपतो. त्यामुळे श्रावण लागतानाच महिन्याभराचे औषध घेऊन ठेवणे मला शहाणपणाचे वाटते. माझ्या दुकानातून आधी सांगितल्यास ते मागवून ठेवले जाते, याचे गुण वेगळे द्यावे लागतील.

मूल हवे असलेल्या आणि नको असलेल्या, दोन्ही बायकांनी एक लक्षात घ्यावे : प्रोलॅक्टिन उतरले की पाळी परत येण्याआधीच बीज सुटू शकते. ‘पाळीच नाही, दिवस कुठले राहणार’ हा हिशेब या गोळीवर चालत नाही. दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना सांगावे. बहुतेकींना तेव्हा गोळी थांबवायला सांगतात, मोठी गाठ असलेल्यांचा निर्णय वेगळा असू शकतो. अंगावर पाजायचे असेल तर हे औषध अर्थातच चालत नाही. मोठी गाठ असताना अचानक तीव्र डोकेदुखी, नजर अंधारणे, किंवा उपचार चालू असताना नाकातून पाण्यासारखा स्राव गळू लागणे ही तातडीची लक्षणे आहेत. शेवटच्याला सर्दी समजून वाफ घेत बसू नये. गाठ आक्रसल्याने मेंदूभोवतीचा द्रव वाट काढत असू शकतो.

औषध किती काळ घ्यायचे, हा प्रश्न मला दुकानात भेटणारे बरेच जण विचारतात. निदान दोन वर्षे उपचार झाले, प्रोलॅक्टिन मर्यादेत राहिले आणि एमआरआयमध्ये गाठ दिसेनाशी झाली, तर डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवून थांबवण्याचा प्रयत्न करतात. अनेकांचे प्रोलॅक्टिन पुन्हा वाढते, आणि ते बहुधा पहिल्या वर्षातच. म्हणून थांबवल्यावर पहिले वर्ष दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात. माझ्या फार्मासिस्टनी त्या तपासण्यांचे महिनेही माझ्या फाइलच्या आतल्या पानावर आधीच लिहून दिले आहेत, गोळी अजून चालू असताना.